संधिवात-ल्युपसच्या रुग्णाला ताप-खोकला : तालुक्यापासून नागपूरपर्यंतच्या तपासण्यांचे परीक्षण

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा संधिवात, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा या आजारांच्या आणि ती शक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट, स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन चालू असलेल्या रुग्णाला ताप-खोकला लागला, की तीन शक्यता एकदम उभ्या राहतात. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला असेल, मूळ आजारच फुप्फुसात उतरला असेल, किंवा चालू औषधानेच फुप्फुसाला सूज आणली असेल. तिन्हींत खोकला सारखा, दम सारखा, एक्स-रेवरचे डागही पुष्कळदा सारखेच. उपचार मात्र उलटे. मूळ आजार भडकला असेल तर स्टिरॉइड वाढवावे लागते आणि जंतुसंसर्गात नुसते तेच वाढवले तर रुग्ण हातचा जाऊ शकतो.

ग्रामीण विदर्भातल्या अशा रुग्णाला ज्या तपासण्या प्रत्यक्षात मिळू शकतात, त्या इथे एकेक करून पाहिल्या आहेत. गावातल्या पल्स ऑक्सिमीटरपासून सुरुवात आहे आणि शेवट नागपूर-वर्ध्याच्या ब्रॉन्कोस्कोपीवर, म्हणजे दुर्बीण घालून फुप्फुस तपासण्यावर. कोणती तपासणी या रुग्णात किती भरवशाची, ती कुठे फसते, पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, हे सांगायचे आहे. आमचे मत आधीच सांगून ठेवतो: सगळ्यांत मोलाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, सगळ्यांत निरुपयोगी तपासण्या तालुक्याच्या खाजगी पॅकेजमध्ये विकत मिळतात, आणि जी तपासणी निकाल लावते तिच्यापर्यंत रुग्ण फार उशिरा पोचतो.

औषधांची यादी, पुडीसकट

या यादीला पैसे लागत नाहीत, पण हिच्याशिवाय पुढचा एकही रिपोर्ट नीट वाचता येत नाही. औषधाचे नाव, मात्रा, किती महिन्यांपासून चालू आहे आणि शेवटचा डोस कधी घेतला, एवढे एका कागदावर हवे. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवडे किंवा जास्त चालले असेल, तर न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियाचा विचार करावाच लागतो. रोजचे १५ मिलिग्रॅम महिनाभर गेले तरी टीबीचा धोका वाढलेला असतो. अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफ हा सूज आणणारा घटक रोखणारी बायोलॉजिक इंजेक्शने चालू असतील तर टीबी फुप्फुसाबाहेर, गाठींत, पोटात किंवा अंगभर पसरलेला सापडण्याची शक्यता बरीच असते. मेथोट्रेक्सेटने फुप्फुसाला सूज आली तर ती बहुधा पहिल्या वर्षात येते: कोरडा खोकला, ताप, झपाट्याने वाढणारा दम.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि ते चुकून रोज घेतले जाण्याचा घोटाळा ठाऊक असलेला आहे. तोंडात फोड आले असतील आणि पांढऱ्या पेशी घसरल्या असतील तर आधी गोळ्यांची पट्टी मागून मोजावी.

यादीत बहुतेक वेळा न येणारी गोष्ट म्हणजे पुडी. गुडघेदुखी-कंबरदुखीवर बाजाराच्या दिवशी मिळणारी पुडी किंवा बिनलेबलची बारीक गोळी घेतल्यावर दोन दिवसांत सांधे मोकळे होत असतील, तर तिच्यात स्टिरॉइड आहे असे धरूनच चालावे. डेक्सामेथासोनची ०.७५ मिलिग्रॅमची मात्रा प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमइतकी असते. एवढ्याशा गोळीत काय असणार, हा समज म्हणूनच घातक ठरतो. चेहरा सुजल्यासारखा गोल झालेला, कातडी पातळ, हलक्या धक्क्यानेही काळेनिळे डाग, नव्याने वाढलेली साखर, ही तिची खूण. पुडी घेतल्याबद्दल रुग्णाला रागावू नये. रागावले की तो पुढच्या ठिकाणी ती सांगत नाही.

पल्स ऑक्सिमीटर

कोविडनंतर हे यंत्र उपकेंद्रांत आणि बऱ्याच घरांतही पोचले. या रुग्णांत ते फार कामाचे आहे, फक्त वापरायची रीत वेगळी. नुसते बसून ९६ आले म्हणून निर्धास्त होऊ नये. पाच मिनिटे शांत बसवून आकडा घ्यावा, मग खुर्चीतून उठ-बस एक मिनिट करवून पुन्हा पाहावा. गुडघे साथ देत नसतील तर अंगणात चाळीस पावले चालवावे. आकडा ३-४ ने उतरला तर फुप्फुसात काहीतरी चालू आहे. न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियात एक्स-रे स्वच्छ असताना हा उतार आधी दिसू शकतो.

स्क्लेरोडर्मा आणि ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांची बोटे थंडीत पांढरी-निळी पडतात. अशा बोटावर यंत्र खोटा, कमी आकडा दाखवते किंवा दाखवतच नाही. हात कोमट पाण्यात ठेवून, पुसून, मग लावावे. तरी जमले नाही तर कानाच्या पाळीला लावायचे यंत्र मोठ्या दवाखान्यात असते. नखांवरची गडद पॉलिश किंवा काळी मेंदीही घोळ करते. बसून आकडा ९२ च्या खाली, श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा रुग्ण बरळत असेल, तर खालची कोणतीही तपासणी करत बसू नये, १०८ बोलवावी.

एक्स-रे

स्वस्त, तालुक्याला मिळणारा, पहिल्याच दिवशी काढण्याजोगा. उभे राहून, छाती प्लेटला टेकवून, पूर्ण श्वास भरून काढलेला असावा. पलंगावर निजवून काढलेल्या फिल्मवर हृदय मोठे दिसते आणि खालचा भाग झाकला जातो. टीबी शोध मोहिमेत गावात येणारे हातातले एक्स-रे यंत्र आणि त्यावरचा संगणकी निकाल टीबीचे संशयित वेचण्यासाठी आहे. त्याने ‘नाही’ म्हटले म्हणजे ल्युपसच्या रुग्णाचे फुप्फुस निरोगी ठरले असे होत नाही. जुनी फिल्म असेल तर ती सोबत न्यावी. संधिवातात फुप्फुसाच्या तळाशी जुने व्रण असू शकतात आणि जुन्या फिल्मशिवाय ते नवा न्यूमोनिया वाटतात.

बेडक्याची तपासणी : सगळ्यांत मोलाची, आणि सगळ्यांत जास्त नासवली जाणारी

टीबीची जनुकीय तपासणी, म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात मोफत होते. तपासणी दमदार आहे. ती फसते ती डबीत काय येते यामुळे.

डबीत थुंकी नको, छातीतून आलेला बेडका हवा. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरावी. उघड्यावर, इतरांपासून लांब बसावे. दोनदा खोल श्वास घेऊन दोन-तीन सेकंद रोखून सोडावा, तिसऱ्यांदा जोरात खोकून आलेला बेडका थेट डबीत घ्यावा. ३ ते ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर तरी, जमेपर्यंत पुन्हा करावे. झाकण घट्ट, आणि नाव झाकणावर न लिहिता डबीच्या अंगावर. झाकणे बदलली की नावे बदलतात. एक नमुना दवाखान्यात तिथल्या तिथे, दुसरा पुढच्या पहाटेचा.

प्रयोगशाळेत नमुना चांगला की वाईट हे सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगाखाली कळते: एका क्षेत्रात पूपेशी २५ पेक्षा जास्त आणि तोंडाच्या कातडीच्या पेशी १० पेक्षा कमी हव्यात. उलटे असेल तर ती लाळ आहे आणि तिच्यावर केलेल्या जिवाणूंच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याला, अर्थ नाही. रिपोर्टात या पेशींचा उल्लेखच नसेल तर विचारावे.

विदर्भातला उन्हाळा हा या तपासणीचा शत्रू. मे महिन्यात ४५ अंशांत बसच्या टपावरून किंवा मोटारसायकलच्या डिकीतून गेलेल्या नमुन्यात तोंडातले इतर जंतू माजतात. जनुकीय चाचणी त्यातूनही कधी निघते, कल्चर मात्र नासते. नमुना त्याच दिवशी पोचणार नसेल तर २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नाही. न्यायचा तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून.

कोरडा खोकला असेल आणि बेडकाच येत नसेल, तर ‘बेडका नाही’ असे लिहून पान उलटण्याची पद्धत सर्रास आहे. या रुग्णांत ते चालणार नाही. ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने १५-२० मिनिटे देऊन बेडका काढता येतो. आधी साल्ब्युटामॉल, सोबत ऑक्सिजनवर लक्ष, आणि हे काम वॉर्डात न करता मोकळ्या हवेच्या वेगळ्या जागी. न्यूमोसिस्टिस शोधण्यासाठीही हाच नमुना चालतो.

आता यंत्रांबद्दल. सीबीनॅट दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देईल का, हे दोन्ही सांगते. त्याला स्थिर वीज आणि थंड खोली लागते. ट्रूनॅट हे गोव्यात बनणारे यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून वीज जाणाऱ्या तालुक्याला ते जास्त सोयीचे. तासाभरात टीबीचा निकाल येतो आणि तो होकारार्थी असेल तर रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप लावावी लागते. ती दुसरी चिप लावली गेली की नाही, हे रिपोर्टात पाहून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने सीबीनॅटला २०१० मध्ये आणि ट्रूनॅटला २०२० मध्ये मान्यता दिली. काडी-काचेवरच्या जुन्या तपासणीला एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार जंतू लागतात. या यंत्रांना शे-दीडशेत भागते. स्टिरॉइडवरच्या रुग्णात, जिथे बेडक्यात जंतू कमी असतात, हा फरक निर्णायक आहे.

तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘एरर’, ‘इनव्हॅलिड’, ‘नो रिझल्ट’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे. नमुन्यात रक्त किंवा अन्नकण असले तरी असे होते. अशा वेळी नवा नमुना द्यायचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: काचेवर जंतू दिसत नाहीत पण कल्चरमध्ये उगवतात, अशा रुग्णांत सीबीनॅट साधारण तिघांपैकी दोघांनाच पकडते. म्हणून निगेटिव्ह आले, तरी संशय असेल तर त्याच नमुन्याचे द्रव माध्यमातले कल्चर मागावे. त्याला ४२ दिवस वाट पाहावी लागते. आणि उलट बाजूने, आधी टीबीचा उपचार झालेल्या रुग्णात यंत्र मेलेल्या जंतूंचे अवशेषही पकडते. तिथे जुनी फाइल आणि कल्चर दोन्ही लागतात.

या टप्प्यावरची सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे बेडका देण्यापूर्वी लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स. हे औषध टीबीच्या जंतूवरही चालते. चार दिवस ताप उतरतो, रुग्ण आणि डॉक्टर दोघे निश्चिंत होतात, बेडका निगेटिव्ह येतो आणि महिन्याभराने दुप्पट पसरलेला टीबी समोर येतो. नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर. रुग्ण गंभीर असेल तर थांबायचे नाही, पण दोहोंत दहा मिनिटांचेच अंतर असते. रक्ताच्या कल्चरच्या दोन जोड्याही, दर बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, त्याच वेळी घ्याव्यात.

टीबीपुरतेच थांबू नये. नोकार्डिया हा मातीतला जंतू शेतात राबणाऱ्या स्टिरॉइडवरच्या रुग्णाला श्वासातून बाधतो, एक्स-रेवर गाठी आणि पोकळ्या करतो आणि टीबी समजून महिनोन् महिने औषधे खातो. टीबीच्या रंगप्रक्रियेत वापरतात त्या तीव्र आम्लाने त्याचा रंग धुऊन जातो. १ टक्का सल्फ्युरिक आम्ल वापरून केलेल्या सौम्य प्रक्रियेत तो लाल, फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखा दिसतो. प्रयोगशाळा जिवाणूंची प्लेट सहसा दोन दिवसांत टाकून देते, तेवढ्यात हा उगवतच नाही. फॉर्मवर ‘नोकार्डियाचा संशय, प्लेट दोन-तीन आठवडे ठेवावी’ असे लिहिले तरच तो सापडेल. ही एक ओळ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

खाजगी लॅबचे ‘फीव्हर पॅकेज’

तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर दहा-पंधरा तपासण्या एका किमतीत मिळतात. या रुग्णासाठी त्यातल्या निम्म्या बिनकामाच्या. विडाल ही टायफॉइडची चाचणी एकदाच केली तर काहीच ठरवत नाही. आरए फॅक्टर आणि एएनए या वात-ल्युपसच्या निदानाच्या चाचण्या पुन्हा केल्याने जंतुसंसर्ग आहे की नाही हे कळत नाही. निदान एकदा झाले की त्या पुन:पुन्हा करण्यात पैसेच जातात. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी सांगणाऱ्या आयजीजी-आयजीएम चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कोणी त्या सुचवल्या तर त्या लॅबच्या बाकीच्या रिपोर्टांकडेही सावधपणे पाहावे.

टीबी गोल्ड आणि मॅन्टू यांचा गैरवापर तर रोजचा. शरीरात टीबीचा जंतू कधीतरी शिरला आहे का, एवढेच त्या सांगतात. आज फुप्फुसात टीबी पेटला आहे का, हे नाही. बायोलॉजिक सुरू करण्याआधी झोपलेला टीबी शोधायला त्या योग्य. तेव्हाही मॅन्टूचा उंचवटा ४८ ते ७२ तासांत मोजायचा आणि या रुग्णांत ५ मिलिमीटरलाच होकार धरायचा, नेहमीच्या १० ला नाही. लाल झालेला भाग मोजायचा नसतो, हाताला लागणारा टणक भाग मोजायचा असतो. स्टिरॉइडमुळे टीबी गोल्ड ‘इनडिटरमिनेट’ येऊ शकते. तेही निगेटिव्ह नव्हे.

पॅकेजमधले कामाचे काय? साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पण वाचता आली तर. स्टिरॉइडने पांढऱ्या पेशी आपोआप वाढतात, त्यामुळे १४ हजारांचा आकडा एकटा काही सांगत नाही. लिम्फोसाइट्स पाहाव्यात, त्या ५००-६०० च्या आसपास किंवा खाली असतील तर न्यूमोसिस्टिसचा धोका खरा आहे. हिमोग्लोबिन दोन दिवसांत झपाट्याने उतरले आणि दोन्ही फुप्फुसांत डाग आले, तर ल्युपस किंवा व्हॅस्क्युलायटिसमध्ये (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) फुप्फुसात रक्तस्राव चालू असू शकतो. बेडक्यात रक्त दिसले नाही म्हणून तो नाकारता येत नाही.

ल्युपसच्या रुग्णात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी, विशेष उपयोगी. ल्युपस भडकला तरी सीआरपी फारशी चढत नाही, छातीत किंवा हृदयाभोवती पाणी झाले तर अपवाद. त्यामुळे लिटरमागे ५०-६० मिलिग्रॅमच्या वर गेलेली सीआरपी जंतुसंसर्गाकडे बोट दाखवते. एकक मात्र नीट पाहावे. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथले ६ म्हणजे इथले ६०. ल्युपस भडकल्याचा अंदाज देणाऱ्या सी३, सी४ या रक्तचाचण्या आणि लघवीतले प्रथिन सोबत केले की चित्र आणखी स्पष्ट होते. रुमॅटॉइड संधिवातात हा नियम लागू नाही; तिथे सीआरपी आजारानेही चढते. प्रोकॅल्सिटोनिन चढले तर जिवाणूचा संशय बळावतो, कमी आले तर टीबी, बुरशी आणि न्यूमोसिस्टिस यांपैकी काहीही सुटत नाही.

ईएसआर, म्हणजे नळीत लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग, विदर्भात आणखी एका कारणाने दगा देतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल, हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे. सिकलसेलच्या पेशी एकावर एक रचल्या जात नाहीत, म्हणून जंतुसंसर्गातही ईएसआर खोटा कमी येतो. शिवाय सिकलसेलचे सांधेदुखणे ‘वात’ म्हणून वर्षानुवर्षे स्टिरॉइड खात असते, आणि त्याच रुग्णाला ताप-छातीत दुखणे-दम आला तर तो सिकलसेलचा छातीतला झटकाही असू शकतो. तरुण रुग्णात वाताचे निदान पक्क्या कागदांवर नसेल तर सोल्युबिलिटी चाचणी आणि इलेक्ट्रोफोरेसिस करून घेणे हा पैशाचा योग्य वापर आहे.

पावसाळ्याच्या शेवटी, गवत वाढलेले असताना, स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, आयजीएम एलायझा यादीत घालावी. सोबत काखेत, जांघेत, स्तनाखाली काळी खपली आहे का हे उघडून पाहावे. आणि धानपट्ट्यात अनवाणी चिखलात काम करणाऱ्या रुग्णाची शौच तपासणी स्टिरॉइड वाढवण्याआधी करावीच. स्ट्राँगिलॉइड्स हा कातडीतून शिरणारा कृमी स्टिरॉइडखाली फुप्फुसापर्यंत उधळतो आणि रक्तात जिवाणूही नेतो. स्टिरॉइडमुळे इओसिनोफिल वाढलेले दिसत नाहीत, म्हणून सीबीसीवर विसंबू नये.

एचआरसीटी

ही छातीची पातळ कापांची सीटी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, आणि या रुग्णात खर्च करण्याजोगी आहे. पण सेंटरवर जाऊन ‘छातीचा सीटी’ म्हटले तर जे निघते त्यात निम्मी माहिती हुकते. चिठ्ठीवर लिहून न्यावे: कॉन्ट्रास्टशिवाय, १ ते १.५ मिलिमीटरचे पातळ काप, पूर्ण श्वास रोखून. जुन्या आजाराचे व्रण असण्याची शक्यता असेल तर पालथे निजवूनही घ्यावेत. उताणे निजल्यावर पाठीकडच्या भागात जी सावली जमते ती पालथे केल्यावर निघून गेली तर ती रोग नव्हती. कॉन्ट्रास्ट फक्त फुप्फुसाच्या नळीत रक्ताची गुठळी शोधायची असेल तेव्हा. ल्युपसमध्ये ही शक्यता खरी असते, पण आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, पाहावे.

कागदावरच्या छापील चित्रांवर समाधान मानू नये, सीडी घ्यावी. पुढचे डॉक्टर तीच संगणकावर उघडतात. रिपोर्टात २५ पैकी गुण दिले असतील तर ते कोविडच्या काळातले मोजमाप आहे. ल्युपसच्या रुग्णात त्याने काही ठरत नाही. रेडिओलॉजिस्टला आजार, औषधे, मात्रा, तापाचे दिवस आणि जुना सीटी हे पाचही दिले तर रिपोर्टाचा दर्जा बदलतो, हे निश्चित. नाही दिले तर ‘संसर्गजन्य कारणाची शक्यता, इतर तपासण्यांशी ताडून पाहावे’ एवढेच हाती येते.

चित्रात काय दिसते? फांदीला कळ्या फुटल्यासारखे बारीक ठिपके, पोकळी, एका खंडात घट्ट पांढरा भाग, हे जंतूंच्या बाजूचे. दोन्हीकडे धुरकट पांढरेपणा दिसला तर न्यूमोसिस्टिस, मेथोट्रेक्सेटची सूज, रक्तस्राव आणि हृदयामुळे साठलेले पाणी, सगळेच त्यात बसते. सीटी इथे थबकते. त्यापुढे आतला नमुनाच हवा.

बीटा-डी-ग्लुकन ही रक्ततपासणी मध्ये एक पायरी म्हणून उपयोगी. ती कमी आली तर न्यूमोसिस्टिसची शक्यता बरीच घटते, संपत नाही. जास्त आली तर बुरशीचा संशय वाढतो. नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन किंवा अल्ब्युमिन दिले असेल, डायलिसिस चालू असेल, तर ती खोटी वाढते. नमुना शहरात जातो, रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि खर्च हजारांत. ब्रॉन्कोस्कोपी लवकर होणार असेल तर हे पैसे तिकडे घालावेत. रक्तातले गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे अ‍ॅस्परजिलस बुरशीचा अंश, तर या रुग्णांत पुष्कळदा निगेटिव्हच येते. तीच तपासणी फुप्फुसातून काढलेल्या पाण्यावर केली तर जास्त बोलकी.

ब्रॉन्कोस्कोपी

नागपूरचे एम्स आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचे वैद्यकीय महाविद्यालय, ही त्यासाठी जाण्याची ठिकाणे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवे.

या तपासणीचा उशीर हाच तिचा सगळ्यांत मोठा दोष. तीन अँटिबायोटिक संपल्यावर, ऑक्सिजन ८५ वर आल्यावर रुग्ण पोचतो आणि मग दुर्बीण घालणेच जोखमीचे होते. थोड्या ऑक्सिजनवर आकडा ९० च्या वर टिकत असताना गेलेल्या रुग्णाला तिचा पूर्ण फायदा मिळतो. घन अन्न सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधी बंद, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती आधी द्यायची, सोबत एक माणूस हवा. दुर्बीण एका शाखेत टेकवून १०० ते २०० मिलिलिटर सलाइन थोडे थोडे सोडतात आणि परत ओढतात. घातलेल्याच्या निदान ३० टक्के परत आले तर नमुना चांगला. प्रत्येक वेळी परत येणारे पाणी अधिकाधिक लाल होत गेले, तर तो फुप्फुसातला रक्तस्राव, आणि हे उत्तर टेबलावरच मिळते.

ते पाणी कुठे कुठे जाणार हे आधी ठरवलेले हवे: सीबीनॅट आणि टीबी कल्चर, ग्रॅम रंग आणि जिवाणू कल्चर, केओएच आणि बुरशी कल्चर, गॅलॅक्टोमॅनन, न्यूमोसिस्टिसचा चांदीचा रंग किंवा पीसीआर, नोकार्डियासाठी सौम्य आम्लाची प्रक्रिया, पेशींची मोजणी. तुकडा काढला असेल तर तो दोन बाटल्यांत: एक फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला, एक नुसत्या सलाइनमध्ये कल्चरला. सगळे फॉर्मालिनमध्ये टाकले की जंतू मरतात आणि एवढी सायास केलेली तपासणी अर्धी वाया जाते. नातेवाइकांच्या हाती बाटल्या देऊन बाहेरच्या लॅबला पाठवण्याची वेळ आली, तर कोणत्या बाटलीत काय हे विचारूनच निघावे.

न्यूमोसिस्टिसचा दाट संशय असेल तर औषध दुर्बिणीसाठी अडवून ठेवू नये. उपचार सुरू झाल्यावरही काही दिवस तो नमुन्यात सापडतो. ते औषध म्हणजे को-ट्रायमोक्साझोल, आणि ते मेथोट्रेक्सेटसोबत पडले तर अस्थिमज्जा बसू शकते, रक्ताच्या तिन्ही पेशी कोसळू शकतात. गंभीर संसर्गात मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि बायोलॉजिक थांबवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू राहते. स्टिरॉइड मात्र एकाएकी कधीच बंद करायचे नाही. हे सगळे डॉक्टरांनी ठरवायचे, पण दोन दवाखान्यांच्या दोन चिठ्ठ्या असल्या की ही गाठ कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून सुरुवातीची यादी इथेही खिशात हवी.

रुग्ण घरी जातो तेव्हा टीबीचे कल्चर सहा आठवडे आणि बुरशीचे चार आठवडे अजून चालूच असते. डिस्चार्ज कार्डावर प्रलंबित तपासण्यांचे नमुना क्रमांक लिहून घ्यावेत, फॉर्मवर चालू असलेला मोबाइल नंबर द्यावा. टीबीच्या नमुन्याची नोंद निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर झाली असेल तर त्याचा आयडी तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाकडे नेऊन द्यावा. रिपोर्ट पोर्टलवर चढला की नागपूरला खेटा न घालता तो तालुक्यालाच पाहता येतो.